दहा ते अकराचा पहारा

दहा वाजून वीस मिनिटं झाली तरी सारजाबाई गळ्यातली वीणा काढीनात. निर्मला मंडपाच्या खांबापाशी ताटकळत उभी होती. नऊ ते दहा सारजाबाईंचा पहारा, दहा ते अकरा तिचा. राजुरीच्या सप्ताहात सात दिवस वीणा खाली टेकत नाही. एकीच्या गळ्यातून थेट दुसरीच्या गळ्यात जाते. पण जाईल तेव्हा ना.

निर्मलाला तो एक तास हवाच होता. वीणेचा भोपळा छातीशी आला की तिची उजवी बाजू झाकली जायची. कॅन्सरच्या ऑपरेशननंतर पुण्याच्या डॉक्टरांनी तिथं सिलिकॉनची पिशवी बसवली होती. वर्षाच्या आत पू झाला, पिशवी काढावी लागली. आता एक बाजू भरलेली, एक सपाट. तिनं जुन्या लुगड्याची घडी शिवून ब्लाऊजमध्ये घातली होती. टाळ वाजवताना ती वर सरकायची, आणि बाया बघायच्या.

येत्या मंगळवारी दुसरं ऑपरेशन होतं. पाठीचं मांस लावून दोन्ही बाजू सारख्या करू, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यावर प्रत्येकाला मत होतं. जाऊ म्हणाली, जीव वाचला ते काय कमी झालं. नवरा जानकू मेंढरं मोजता मोजता म्हणाला, तुला पायजे तर कर. आणि सारजाबाई तर दिसेल तिथं अडवायच्या.

“पंचेचाळिशीत कुनाला दावायचंय, निर्मले? देवाला समदी सारखीच.”

सारजाबाईंना गाव मानायचं. तीस वर्षं त्यांनी वीणेचा पहारा चुकवला नव्हता. पहारा बदलताना बाकीच्या बाया उराउरी भेटत. सारजाबाई मात्र समोरची पुढं यायच्या आत वाकून तिच्या पायाला हात लावायच्या. केवढी ही नम्रता, असं बुवा कीर्तनात सांगायचे.

निर्मला आता विटली होती. पहारा संपला की एसटीडी बूथवरून पुण्याला फोन लावायचा, ऑपरेशन नको म्हणून कळवायचं, असं तिनं ठरवलं होतं. निदान ही तोंडं तरी बंद होतील.

ती पुढं झाली आणि तिनं पट्ट्याला हातच घातला. सारजाबाईंनी नाइलाजानं मान वाकवली. पट्टा त्यांच्या अंबाड्यात अडकला. वीणा खाली ठेवायची सोय नव्हती. दोघींनी ती वर तोलून धरली, मान इकडं, हात तिकडं, अशी बराच वेळ ओढाताण चालली. पट्टा एकदम सुटला, आणि सारजाबाईंच्या पदराआडून काहीतरी पायाशी पडलं.

निर्मलानं वीणा गळ्यात घेतली. पाया पडल्यासारखं वाकून ते उचललं.

लुगड्याची घडी. चारी कडांनी शिवलेली. तिच्याजवळ होती तशीच, फक्त धुऊन धुऊन रंग गेलेली.

मंडपात कुणाचं लक्ष नव्हतं. तिनं घडी सारजाबाईंच्या मुठीत दाबली. सारजाबाईंनी ती पदरात घेतली. या वेळी त्या वाकल्या नाहीत. जवळ आल्या, वीणेवरून पुढं झुकून तिच्या कानाशी लागल्या.

“मंगळवारची यष्टी कितीला हाय? मी बी येते.”