चिंचेवरून पडलेला पाय

"लहानपणी चिंचेवरून पडला होतात, हे खरं?" न्यायाधीशांनी विचारलं.

निवृत्त हवालदार भगवान साबळे उभे होते. बर्फात गस्त घालताना गुडघा निकामी झाला, तेव्हा फौजेनं त्यांना घरी पाठवलं. अपंगत्वाचं पेन्शन मात्र नाकारलं; दुखणं भरतीच्या आधीचंच, असं कारण दिलं. डॉक्टरांनी सहज विचारलं तेव्हा चिंचेची गोष्ट साबळ्यांनीच सांगितली होती. आज अपिलाच्या सुनावणीआधी वकीलबाई म्हणाल्या होत्या, "आठवत नाही म्हणा."

"खरं आहे साहेब," साबळे म्हणाले. "पाय मोडला होता, जुळला. त्याच पायानं भरतीला धावलो आणि पहिला आलो. फौजेच्या डॉक्टरांनी तो तपासूनच मला घेतलं."

आवाजात राग नव्हता. इतक्या वर्षांत तो कधी विझला, त्यांनाही कळलं नव्हतं.

न्यायाधीश सरकारी वकिलाकडे वळले. "भरतीच्या वेळी पाय धडधाकट होता ना? मग खराब झाला तो नोकरीतच." त्यांनी अपील मंजूर केलं.

बाहेर येताच साबळ्यांची बायको वत्सला रडू लागली. साबळे पायरीवर बसून फाटकाकडे बघत राहिले. जिंकल्याचं काहीच वाटत नव्हतं.

"अहो, चला ना," म्हणत तिनं हात पुढे केला.

फौजेतून आल्यापासून ते कुणाचा हात धरत नसत. आज धरला. "जरा जोरात ओढ," ते हळूच म्हणाले, "लई दुखतंय."