काटा सहावर येईपर्यंत

"तुरटीनं गाळ बसतो, रोग नाही," असं म्हणून अनुपमानं तुरटीचा खडा बाजूला सारला.

तिचा नवरा चिंतामण ओसरीवर झोळ्या भरत होता. परवा भातकुलीहून परतवाड्यापर्यंत मोटर, तिथून दोन मुक्काम करत पायी सेमाडोह, आणि पुढं आणखी एक मजल जंगलातल्या देवीपर्यंत. दहा महिन्यांच्या ताराचं जावळ तिथंच काढायचं होतं. नवस पायी जाण्याचा होता.

"पान्याचा एवढा घोर कावून घेऊन राहिली?" सासूबाई, गोदावरीबाई म्हणाल्या. "डोंगरातलं पानी गोड. आपल्या खाऱ्या विहिरीपरीस अमृत. त्याले औषध कायले?"

 तीन वर्षांपूर्वी अनुपमाचा पहिला मुलगा बंडू ते गोड पाणी ओंजळी भरभरून प्याला होता. परतीच्या वाटेवर दोन दिवसांत तो गेला. त्याचं जावळ मात्र झालं होतं.

या वेळी तिनं तीनदा विचारून पाहिलं. मी ताराला घेऊन अमरावतीला बाबांकडे राहते, तुम्ही दोघं जाऊन या. चिंतामण दर वेळी म्हणाला, "आई म्हणेल तसं." आणि आई म्हणाली की जिचं जावळ तिलाच नेलं नाही तर देवी दुसरंही लेकरू ठेवणार नाही. बंडू गेल्यापासून अनुपमाचं माहेर तसंही बंद होतं. ती विहिरीवर गेली तरी गोदावरीबाई मागच्या पायरीवर येऊन बसत.

चौथ्यांदा तिनं विचारलं नाही. पाण्याचं तेवढं माझ्या मनासारखं करू द्या, म्हणाली.

"उकळून घेत जाऊ," चिंतामण म्हणाला. "सगळ्यात सोपं."

"वाटेत ओली लाकडं. वर पाणी निवेपर्यंत खोळंबा. आणि चुलीपाशी मीच अडकणार. ताराकडे कोण बघेल?"

"मग लाल औषध?"

"गुलाबी पानी मी तोंडाले लावनार नाही," गोदावरीबाई म्हणाल्या. "हैज्याच्या साथीत विहिरीत टाकत ते."

उरली पाणी शुद्ध करायच्या गोळ्यांची बाटली. अनुपमाचा लष्करातला भाऊ दिवाळीत भाऊबीजेपुरता इथं आला होता, तेव्हा त्यानं ती दिली होती. फिरकीच्या तांब्याला चार गोळ्या टाकायच्या आणि अर्धा तास थांबायचं.

"त्याआधी घोट घेतला तर?" गोदावरीबाईंनी विचारलं.

"तर सगळं फुकट. तांब्या जागचा हलवायचाही नाही. कोणीतरी समोर बसून राखायला हवं."

चिंतामणनं बाटलीवरचं इंग्रजी वाचलं. "हलवू नये असं इथं कुठं लिहिलं नाही."

"दादानं सांगितलंय."

"तिचा भाऊ फौजेत आहे, तू शाळेत मास्तर," गोदावरीबाई म्हणाल्या. "ठेव ते."

दोन दिवस घरीच सराव झाला. अनुपमानं चिंतामणचं मनगटी घड्याळ सासूबाईंच्या हातात दिलं. त्यांना वेळ कळत नसे. पण मोठा काटा बारावरून निघून सहावर आला की झालं, एवढं त्या पटकन शिकल्या. पहिल्या दिवशी तांब्यासमोर बसूनही त्यांनी सुनेला दोन हाका मारल्या. दुसऱ्या दिवशी अनुपमा तिसऱ्या आळीत जाऊन परत आली, तरी त्यांनी मान वर केली नाही.

"पुस्तकं शिकून सून कामाची झाली एकदाची," त्या रात्री जेवताना म्हणाल्या.

"परत येताना काही पायी यायचं नाही," चिंतामण म्हणाला. "धारणीची मोटर अकरा वीसला सेमाडोहच्या पुलावर येते. हात दाखवला की थांबते. सरळ अमरावती."

"जाताना मात्र पायीच," गोदावरीबाई म्हणाल्या.

"पायीच," अनुपमा म्हणाली आणि त्यांच्या पानात भाकरी वाढली.

दोन्ही मुक्कामांवर तांब्या, गोळ्या, काटा, सगळं ठरल्याप्रमाणं झालं. कोणाचं पोट बिघडलं नाही. चिंतामणनं तर बायकोची तारीफही केली. तिसऱ्या दिवशी ते सेमाडोहला सिपना नदीच्या काठी, पुलाखाली उतरले. झुळझुळ पाणी, तळाचा गोटा न् गोटा दिसत होता.

"याच खडकावर बसून बंडू प्याला होता," गोदावरीबाई म्हणाल्या. "कसं निर्मळ आहे, पाह्य."

अनुपमानं तांब्या भरून आणला. घड्याळ पाहून ती जराशी थांबली, मग गोळ्या टाकल्या आणि फिरकी घट्ट केली.

"अकरा. मामीजी, सांभाळा," ती सासूबाईंना म्हणाली.

गोदावरीबाई घड्याळ हातात घेऊन मांडी घालून बसल्या. अनुपमानं ताराला लाल लोकरीची टोपी घातली.

"उन्हात टोपी कायले?"

"वारं आहे. लंगोट धुऊन आणते, सगळे खराब झालेत." ताराला कडेवर आणि बोचकं काखेत घेऊन ती खडकांमागं गेली.

चिंतामणला तहान लागली होती. त्यानं हात पुढं केला तसा गोदावरीबाईंनी त्यावर चापटी मारली.

"अजून नाही."

"एक घोट, आई."

"फुकट जाईन सगळं. पोराची जात ना तुझी, धीर म्हनून नाही."

त्यानं हात मागं घेतला. बऱ्याच वेळानं वर पुलावर भोंगा वाजला. मोटर थांबली, पुन्हा निघाली. धुरळा पाहायला त्यानं मान वर केली. ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीत इवलीशी लाल टोपी होती.

तो धडपडत उठू लागला. गोदावरीबाईंनी घड्याळावरची नजर न काढता त्याचं मनगट घट्ट धरलं.

"बस खाली. तांब्या हालन. काटा सहावर यायचा आहे अजून."