रोजच्या वापरापुरतं

लॅपटॉपनं तिसऱ्यांदाही पासवर्ड नाकारला, तेव्हा अथर्वनं टेबलावर हात आपटला.

"कोणी केलं हे?"

खांदा कॉलनीतल्या त्या घरात उत्तर द्यायला तेवढी त्याची आई होती. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून शोभाताई भिजवलेले वाल सोलत होत्या.

"सईला विचार. मी त्याला हात लावत नाही बाबा. परवा चुकून लागला, तर गाणंच सुरू झालं."

लॅपटॉप त्याच्या बायकोचा, सईचा. जुना झाला होता, विंडोज सुरू व्हायलाच धापा टाकायचा. सलग तीन रविवार खर्चून अथर्वनं त्यावर हलकं लिनक्स चढवलं होतं, आणि मग तिच्या रोजच्या वापरापुरता अख्खा डेस्कटॉप लावून दिला होता. सहा मोठी चित्रं, खाली ठळक मराठी नावं: किराणा, शाळा, वीजबिल, रेसिपी, गाणी, व्हिडिओ कॉल. मागे मुलीचा, रुचिराचा, कर्नाळ्याच्या सहलीतला फोटो. बाकीचा मेन्यू लपवलेला. राइट क्लिक बंद. हुकूम टाइप करायची ती काळी खिडकी, टर्मिनल, तर त्यानं काढूनच टाकली होती. मुख्य पासवर्ड स्वतःजवळ ठेवला होता. सगळं झाल्यावर त्यानं मित्रांच्या ग्रुपवर फोटो टाकला. निनादनं लगेच लिहिलं होतं, 'वहिनी लकी आहेत!'

आज सहाही चित्रं गायब होती. रुचिराचा फोटोही नव्हता. कोरा करडा पडदा, वर बोटभर पट्टी, आणि मधोमध टर्मिनल. त्यात कर्सर लुकलुकत होता.

पुण्याहून येताना पळस्प्याला गाड्या तुंबल्या होत्या. अथर्व घरात शिरला तोच तापलेला.

रुचिराला क्लासला सोडून सई आत आली. तिनं चप्पल काढायच्या आत त्यानं विचारलं, "निनाद येऊन गेला का?"

"तो कशाला येईल?"

"मग या मशीनला हात कोणी लावला? माझा पासवर्ड चालत नाही."

"मी बदलला."

"तू?" तो हसला. "सई, मेन पासवर्ड असा बदलता येत नाही. मशीन सुरू होत असताना मध्येच थांबवून आत शिरावं लागतं."

"शिरले."

एवढं बोलून ती पाणी प्यायला गेली. तेच त्याला जास्त लागलं. त्यानं कपाटातून पेनड्राइव्ह काढला. त्यात त्याच्या मूळ मांडणीची पूर्ण प्रत होती. एकदा चढवली की सईनं केलेलं सगळं पुसून लॅपटॉप पहिल्यासारखा झाला असता.

"तो लावू नकोस," सई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "पाच वाजता माझी परीक्षा आहे. महाप्याच्या एका कंपनीची. याच लॅपटॉपवरून द्यायची आहे."

"कसली? डेटा एंट्रीची?"

"सर्व्हर सांभाळायच्या नोकरीची."

"तू रुचिरा झाल्यापासून घरी आहेस. तिकडे सगळं बदललंय आता. आणि मला सांगायचंस ना, मी बसून शिकवलं असतं! तीन रविवार घातले मी तुझ्यासाठी. एका झटक्यात उडवलंस."

"माझ्यासाठी?" सईचा आवाज पहिल्यांदाच चढला. "एकदा तरी विचारलंस, मला काय लागतं? किराणा घराचा, बिल घराचं, शाळा मुलीची. त्या सहांत माझं काय होतं रे?"

"गाणी होती की!"

"तीसुद्धा तुझ्या आवडीची."

शोभाताईंना हसू आलं. त्यांनी ते वालाच्या सालांत लपवलं. अथर्वच्या नजरेतून ते सुटलं नाही, आणि त्याचा उरलासुरला तोल गेला. त्यानं लॅपटॉप स्वतःकडे खेचला. सईनं दुसरी बाजू घट्ट धरली. तिची बोटं पांढरी पडली होती.

"सोड. पाच वाजत आलेत."

"सोडणार नाही. या खिडकीत एक हुकूम चुकला तर सगळं साफ होतं, माहितीये? यूट्यूब बघून सर्व्हर सांभाळता येत नाहीत. तुला हे शिकवलं कोणी, ते नाव सांग आधी!"

सई त्याच्याकडे बघत राहिली. डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसता संताप होता.

शोभाताईंनी वालाचं ताट बाजूला सारलं.

"अथर्व, हात काढ."

"आई, तू मध्ये पडू नकोस. तुला यातलं काही कळत नाही."

"नाही कळत. पण आठवतं. नोकरीला लागलास आणि महिन्याभरात रडत घरी आलास. मला हे जमत नाही, सोडतो म्हणालास. मग तिथल्या एक मॅडम ऑफिस सुटल्यावर तुझ्यासाठी थांबायला लागल्या. काळ्या खिडकीत काय लिहायचं, चुकलं तर कसं सावरायचं, सगळं त्यांनी शिकवलं. रोज जेवताना त्यांचंच कौतुक. भाजीत मीठ नसलं तरी तुला कळायचं नाही."

अथर्वची पकड सैल झाली. सईनं लॅपटॉप ओढून घेतला आणि ती खुर्चीत बसली.

शोभाताईंचा आवाज मात्र खाली आला नाही.

"त्याच मॅडमशी लग्न लावून दिलं मी तुझं. आणि आज तिलाच विचारतोस, हे शिकवलं कोणी?"