बुटातली वाळू

सहलीतल्या पहिल्या किल्ल्याच्या पायऱ्यांवर लेकीने डावा पाय पुढे केला. "आई, टोचतंय." आईने बूट काढून झटकला, तर ओली वाळू पडली. समुद्र तर दुपारनंतर लागणार होता.

"आता वाळूलाही घाबर," नवरा म्हणाला. सकाळी त्याच डाव्या बुटाचा तुटलेला पट्टा तिने घाईत लाल दोऱ्याने शिवला, तेव्हाही 'काळा दोरा संपला का?' म्हणून त्याने टोमणा मारला होता.

दुसऱ्या किल्ल्यावर मूठभर वाळू निघाली. तिने लेकीचा पापा घेतला, तर गाल खारट लागला.

समुद्रकाठच्या गावात बस थांबली, तेव्हा ती उतरलीच नाही. झोपलेल्या लेकीला मांडीवर घट्ट धरून, काच लावून बसून राहिली.

"बैस कवटाळून! तुझ्यापायी पोरीला समुद्रही दिसायचा नाही," असं म्हणत नवरा एकटाच गेला.

तासाभराने त्याने काचेवर टकटक केलं. हातात छोटासा डावा बूट होता. "लाटांत सापडला. एवढं जिवापाड जपतेस, आणि बूट हरवतेस?"

पट्ट्यावर लाल दोऱ्याचे तिचेच वेडेवाकडे टाके होते.

तिने मांडीवर पाहिलं. दोन्ही पायांत बूट होते. लाल दोरा एकावरही नव्हता.