नाव झाकलेली नोंद

पुण्याचा दाता तापानं आजारी होता आणि नागपूरच्यानं बारा दिवसांपूर्वीच रक्त दिलं होतं. डॉ. वैभवींनी फोन खाली ठेवला.

"उद्या सकाळपर्यंत एक बाटली तरी हाताशी हवी. त्याशिवाय हिला टेबलावर घेता येत नाही, आणि थांबताही येत नाही."

ही म्हणजे मंगरूळपीरकडची योगिनी. वय चोवीस, पहिलं बाळंतपण, वार खाली सरकलेली आणि अंगावरून रक्त जात असलेलं. त्यात रक्तगट निघाला बॉम्बे, हजारो माणसांत एखाद्याचा. या गटाला दुसऱ्या कुठल्याच गटाचं रक्त चालत नाही. दाराशी तिचा नवरा भागवत उभा होता. वांग्यांची तोडणी अर्धी टाकून आला होता.

"माहं घ्या ना, डॉक्टर," तो चौथ्यांदा म्हणाला.

कोपऱ्यातून उज्ज्वला उठली. "मॅडम, मी माझ्याकडे शोधू का?"

दवाखान्यात तिला सगळे 'कॉम्प्युटरवाली' म्हणून चिडवत. राज्यातल्या सगळ्या सरकारी दवाखान्यांच्या नोंदी एकमेकांना जोडायचा आराखडा तयार होत होता, आणि त्याची चाचणी वाशिम जिल्ह्यात चालली होती. आठ महिने उज्ज्वला जुनी रजिस्टरं, शिबिरांचे कागद, प्रयोगशाळांचे अहवाल भरत होती. डबाही की-बोर्डशेजारीच उघडायची. "हे भरून रोगी बरा होतो का गं?" असं विचारणाऱ्यांत डॉ. वैभवी पहिल्या.

आज त्या नुसतं "बघ" म्हणाल्या.

उज्ज्वलानं रक्तगट टाकला, जिल्हा टाकला. पडद्यावरचं चाक फिरत राहिलं. मग एक ओळ उमटली. एकच, पण उमटली!

स्त्री, वय एक्केचाळीस, गाव किन्हीराजा. तीन वर्षांपूर्वी शिबिरात तपासणी, हिमोग्लोबिन सात. रक्त वेगळं वाटलं म्हणून पुढे पुण्याला पाठवलेलं, तिथं गट पक्का झालेला. तो अहवाल कुणाच्या हाती गेलाच नव्हता. फायलीत पडून होता, तो उज्ज्वलानं भरला होता.

नाव मात्र झाकलेलं होतं. दाता हो म्हणेपर्यंत दोन्हीकडची नावं एकमेकांना कळू द्यायची नाहीत, हा नियम आराखड्यात यावा म्हणून उज्ज्वलाच हट्टाला पेटली होती. तिनं नोंदीचा क्रमांक किन्हीराजाच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला कळवला. वीस मिनिटांत फोन आला.

"सापडली! वावरात होती. तुमची नोंद निघाली म्हटलं तं आधी घाबरलीच. मले काई ठावं नाही म्हने. मंग एक पोरगी अडली हाय सांगतलं, तं हातातलं खुरपं तिथंच टाकून गाडीत बसली."

दवाखान्यात एकदम जान आली. प्रयोगशाळेतला विकास पिशवी, नळ्या मांडून बसला. भागवत कुठून तरी दोन शहाळी घेऊन आला आणि ती कोणाला द्यायची हेच त्याला सुचेना. तासाभरानं गाडीनं वाटेवरचं मालेगाव सोडल्याचा निरोप आला तेव्हा तो सगळ्यांदेखत रडला. उज्ज्वलाचेही डोळे भरले. ती इतकी खूश होती की तिला की-बोर्डवर बोटंच ठेवता येईनात.

"चार वाजता या आराखड्यावर मुंबईच्या लोकांबरोबर बैठक आहे ना तुझी?" डॉ. वैभवी म्हणाल्या. "मी येते. तुझ्या बाजूनं मी बोलणार."

दीड वाजता गाडी दारात लागली. उतरलेली कमलीबाई अंगानं चांगली धट्टीकट्टी, अनवाणी, पदर खोचलेला. आल्या आल्या तिनं अंगठा उमटवून होकार दिला. विकासनं बोट टोचून पाहिलं. हिमोग्लोबिन साडेबारा.

"सातावरून साडेबारा!" डॉ. वैभवी हसल्या. "काय खाता हो बाई?"

"भाकर अन् ठेचा, दुसरं काय! पन मॅडम, माहं रक्त येवढं भारी हाय, हे मलेच ठावं नव्हतं. आमच्या घरात कोनी आयकलं तं पागल होतीन!"

सगळे हसले. विकास नमुना घ्यायला पुढे झाला, तसा तिनं हात मागे घेतला.

"थांब रे भाऊ. कोनाले देऊन राह्यली, थे तं पाहू दे. तिच्या डोक्यावर हात ठेवतो अन् मंग झोपतो तुह्या खाटेवर."

नियमाप्रमाणे आता नावं उघडी करायला हरकत नव्हती. उज्ज्वलानं स्वतःच तिला वॉर्डात नेलं. मागून डॉक्टर, भागवत, सिस्टर, सगळी वरातच निघाली. योगिनी भिंतीकडे तोंड करून पडली होती. पावलं वाजली तशी ती वळली.

"काकू?"

"अव माय, योगी!" कमलीबाईनं तिच्या कानशिलावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. आनंदानं तिला काय करू नि काय नको झालं. "डॉक्टरीनबाई, ही तं आमच्या शेजारच्या शालिग्रामची भाची! मामाकडं राहे तवा सारखी चक्कर येऊन पडे. हिच्यापाशी कारड नव्हतं, म्हनून त्या शिबिरात माह्या कारडावर, माह्या नावानं, म्या हिलेच तं तपासून आनलं होतं!"