त्रेपन्नावं पान

"बावन्न," बुधरीबाई म्हणाली आणि टोपली परत खाली ठेवली.

लोकेशने मान वर केली. दहा वाजल्यापासून ती चौथ्यांदा बावन्न म्हणत होती. आता साडेअकरा झाले होते. सव्वाबाराला फाट्यावरून गोंडपिपरीची एकच बस होती आणि दोन वाजता त्याचा समाजशास्त्राचा पेपर होता. हा पेपर तो तिसऱ्यांदा देत होता. चौथी संधी नव्हती.

फाटा दोन किलोमीटरवर. मध्ये जंगल, जंगलात बछड्यांची वाघीण. गावातली एकुलती मोटरसायकल विक्कीने तिला पाहून तिथंच सोडली होती. गाडी अजून तिथंच होती. एकट्याने जायची सोय नव्हती. आणि सोबत येऊ शकेल असा प्रत्येक माणूस इथं मोहाच्या झाडाखाली, ग्रामसभेत अडकला होता.

कोसमटोल्यात बहुमत चालत नाही. ठराव पटला की टोपलीत पळसाचं पान टाकायचं. नोंदवहीत त्रेपन्न नावं, तेव्हा त्रेपन्न पानं झाल्याशिवाय कोणी उठायचं नाही. ज्याचं पान आलं नाही तो विचार करतो आहे, असं समजायचं. कोण ते विचारायचं नाही, त्याला घाई करायची नाही. मागे रानडुकरांसाठी कुंपण घालायच्या ठरावावर एका माणसाने दोन दिवस विचार केला होता. दुसऱ्या दिवशी लोकांनी तिथंच चूल मांडली.

लोकेश लहानपणापासून हे बघत आला होता. मोठी माणसं पानं टाकायची, पोरं मागे बसायची. आजही तो मागेच बसला होता, कानात बोटं घालून. दसरूने सकाळी फिरून पानं वाटली, तेव्हाही त्याने मान वर केली नव्हती. 'समाजीकरण म्हणजे व्यक्तीने समाजाचे नियम आत्मसात करण्याची प्रक्रिया.' चौदा वेळा झालं होतं. पंधराव्यांदा वाचून त्याने वही मिटली आणि गुन्हेगार शोधायला लागला.

"पानी पे, लोकेश," लालसूभाऊ म्हणाला. सभेचा अध्यक्ष तोच. "डोक्शाले ताण झाला असन."

"मले काऊन? जो इचार करून राह्यला त्याले पाजा ना!"

लालसूभाऊने जरा वेळ झाडाकडे पाहिलं. "बरं," म्हणाला, आणि तांब्या होता तिथंच धरून ठेवला.

"शिकलेल्या मानसाले टाइम लागते," दसरू तोंडावरच्या दुपट्ट्याखालून बोलला.

शिकलेली म्हणजे अंगणवाडीची रश्मी. लोकेशने तिच्याकडे खाऊ की गिळू असं पाहिलं. रश्मीने त्याच्याकडे फार दयेने पाहिलं.

बारा वाजले. मग सव्वाबारा. झाडांपलीकडून बसचा हॉर्न आला. मग गिअर बदलल्याचा आवाज. मग काहीच नाही.

लोकेश उठला. "कोन हाये तो? एका मानसापाई माहं वरीस गेलं! समाज नाई हा, पिंजरा हाये पिंजरा!"

त्याने वही टोपलीपुढे आपटली. ती समाजीकरणावर उघडली. तिथं खूण म्हणून एक पळसाचं पान घातलेलं होतं.

बुधरीबाईने पान उचललं, चुरगळू न देता, आणि त्याच्यापुढं धरलं. टाक म्हणाली नाही.

"औंदा तुहं नाव चढवलं ना बाबू नोंदवहीत," एवढंच म्हणाली.

लोकेशने पान हातात घेतलं. "ठराव कायचा होता?"

लालसूभाऊने नोंदवही उघडली, चष्मा लावला. "लोकेशचा पेपर हाये. वाघिनीच्या वाटेनं त्याले एकट्याले जाऊ द्याचं नाई. साऱ्या गावानं मिळून बसपर्यंत पोचवून द्याचं. टाइम, दहा वाजून पाच मिनटं."

लोकेशने पान टोपलीत टाकलं.

"त्रेपन्न," बुधरीबाई म्हणाली.

एकमताने झालेला ठराव पाळावाच लागतो. बावन्न माणसं उठली, काठ्या घेतल्या, आणि लोकेशला मधोमध घेऊन बस निघून गेलेल्या फाट्यापर्यंत सुखरूप पोचवून आली.