उजवी होडी

कारखान्यातला फिटर वजीर भलताच तापला होता. फोरमन मीरासाहेब निवृत्त झाले म्हणून त्यानं इंद्रायणीवरची जोडनाव, फळ्यांनी एकमेकींना बांधलेल्या दोन होड्या, संध्याकाळपुरती अख्खी ठरवली होती. आणि नावाडी गेनबानं वजीर, मीरासाहेब आणि मित्र अशा आठही जणांना डाव्या होडीत कोंबलं होतं.

"उजवी काय शोभेला ठेवलीय?" वजीर ओरडला.

"तिच्यात जागा न्हाई, भाऊ." गेनबा वल्हं मारत राहिला.

उजवी होडी रिकामी होती. मावळतीचं ऊन तिच्या कोरड्या तळाशी पोचत होतं. तरीही ती डावीपेक्षा खोल, पार काठापर्यंत पाण्यात बसली होती.

"आम्हाला बनवतोस? अख्खी नाव ठरलीय!"

"वजीर, बस खाली," मीरासाहेब म्हणाले. "आजच्या दिवशी भांडण नको."

वजीरनं ऐकलं नाही. दातओठ खात तो फळ्या ओलांडून गेला आणि उजव्या होडीत धाडकन उतरला.

त्याच्या वजनानं ती आणखी खाली जायला हवी होती. ती सावकाश वर आली.

पलीकडे मित्रांची होडी दबत दबत काठापर्यंत पाण्यात गेली, आणि मीरासाहेब अंग चोरून, कुणाला तरी जागा करून देत, बाजूला सरकले.